सांध्याला दिलेला नारळ

हरेश्वर कोळ्याने एकोणीस वर्षं दादरच्या स्टेशनात रुळांचे सांधे फिरवले. गाडी कुठल्या रुळावर जायची हे साहेब ठरवी आणि मास्तर सांगे, पण तिला त्या रुळावर घालणारा हात हरेश्वराचा. एका वाटेच्या जिथे दोन वाटा होतात तिथे टोकदार पोलादी जीभ असते. ती रुळाला चिकटली की गाडी सरळ कल्याणच्या वाटेला, सुटली की बाजूच्या मालधक्क्यावर. आणि अर्धवट राहिली तर कुठेच नाही, थेट खडीत. त्या जिभेजवळ ऊनपावसात उभं राहायचं, जमिनीतला दांडा ढकलायचा, जीभ चिकटलेली दिसली की निशाण दाखवायचं. हे करणाऱ्याला सांधेवाला म्हणत. सांधेवाल्याला पगार बेताचा, मान त्याहून बेताचा, आणि चूक झाली तर शिव्या मात्र पोटभर.

मग अठराशे चौऱ्याण्णव साली कंपनीला सुधारणेची लहर आली. स्टेशनाच्या दक्षिणेला खांबांवर एक लाकडी खोली उभी राहिली, तिला चहूबाजूंनी काचा. लोक तिला केबिन म्हणू लागले. आत चौदा दांडे एका ओळीत: लाल सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे कुलपांचे. तिथून लोखंडी सळ्या आणि तारा रुळांच्या कडेने लांबवर गेलेल्या. आता रुळावर उभं राहायला नको, वर बसून दांडा ओढला की दीडशे पावलांवरचा सांधा फिरे.

पण खरी गोम पुढेच होती. हे सगळे दांडे खोलीच्या जमिनीखाली एकमेकांना बांधलेले होते. आधी काळा दांडा ओढून सांधा लावायचा, मग निळा ओढून त्याला कुलूप घालायचं, मग कुठे लाल दांडा हलणार आणि सिग्नलचा हात खाली पडणार, म्हणजे गाडीला वाट मोकळी. जीभ रुळाला नीट चिकटली नाही तर कुलूप लागत नाही, आणि कुलूप नाही तर सिग्नल नाही. तुम्ही कितीही हुशार असा, एकोणीस वर्षं नोकरी झालेले असा, यंत्र ऐकून घेत नाही.

हरेश्वराला हे झोंबलं. "पगार आपल्याला दिला न् भरवसा लोखंडावर ठेवला," तो दगडूला म्हणाला. दगडू मालवणकडचा, अंगाने आडदांड, त्याच्याच पाळीचा जोडीदार. दगडूचं म्हणणं वेगळं होतं. "बरा झाला मरे. आता चूक झाली तर ती लोखंडाची. आपला काय जाता?"

आपलं काय जातं ते दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. मोठ्या साहेबाचं मत असं की ही यंत्रं इथल्या सांधेवाल्यांच्या हाती द्यायची नाहीत, बाहेरून शिकलेली माणसं आणावीत. रमाकांत मास्तर, स्टेशनचा धाकटा मास्तर, गिरगावातला शिकलेला माणूस, त्याने अंगावर घेऊन लिहून दिलं होतं की आमचे सहाजण तीन महिन्यांत तयार होतील. साहेबाने मुदत दिली आणि तपासणीचा दिवस ठरवला. पास झाले तर सहाही जण केबिनवाले, नाहीतर सहाही जण घरी. हरेश्वराने बापाची होडी कधीच विकली होती. पंचेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढायला उभं राहायचं म्हणजे वरळीच्या कोळीवाड्यात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

एवढंच असतं तरी माणूस दात ओठ खाऊन शिकला असता. पण हरेश्वराच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

सात वर्षांपूर्वी याच मालधक्क्याच्या सांध्यावर एक डबा घसरून आडवा झाला आणि डबे जोडणाऱ्यांचा जमादार विठोबा त्याखाली सापडला. विठोबा वरळीचाच, त्यानेच हरेश्वराला रेल्वेत चिकटवलेलं. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्यापासून गेला. चौकशी झाली, जीभ झिजली होती असं ठरलं, जीभ बदलली, कागद मिटले. झिजलीबिजली काही नव्हती. हरेश्वराने वीस पावलांवरून बघितलं, चिकटलेली दिसली, निशाण दाखवलं. धावत गेला तेव्हा जिभेच्या फटीत खडीतला एक दगड अडकलेला. सगळे विठोबाला ओढून काढत होते तेवढ्यात त्याने तो दगड उचलून गटारात टाकला. बस्स, एवढंच. तेव्हापासून प्रत्येक गाडी सांध्यावरून जाताना हरेश्वर शेवटचा डबा पार होईपर्यंत श्वास धरून बघत राही. आणि विठोबाला कंपनीने जवळच्या फाटकावर बसवलं, तर त्या फाटकावरून जायचं हरेश्वर टाळी. लांबचा वळसा घेऊन कामावर येई. विचारलं तर म्हणे, पायाला चाल बरी असते.

तपासणीचा दिवस आला तो नेमका खंडेनवमीचा. परळच्या कारखान्यात हातोड्यांची पूजा, गिरण्यांत मागांची पूजा, सगळीकडे झेंडूच झेंडू. पहाटे कोळीवाड्यात गुणवंतीने टोपलीत पापलेटं लावता लावता नवऱ्याकडे पाहिलं. गुणवंती दादरला मासळी विकायला बसे आणि स्टेशनातल्या निम्म्या बातम्या हरेश्वराला तिच्याकडून कळत.

"दर्याला दरसाल नारळ देतंव, तवा तो पोटाला देतो," ती म्हणाली. "तुज्या त्या लोखंडाला काय दिलास तीन महिन्यांत? नुस्त्या शिव्या."

"कंपनीचा हाय तो. कंपनी देईल."

"कंपनी मासळी खाते काय तुज्या हातची? घे." तिने निवडून ठेवलेला नारळ त्याच्या हातात दिला. सोललेला, शेंडी राखलेला, हळदकुंकू लावलेला. बायकोचं म्हणणं मोडायची हरेश्वराची टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यालाही आतून तेच हवं होतं.

केबिनमध्ये दगडूने चौदाही दांड्यांना झेंडूची माळ घातली होती. त्याचा नारळ त्याने पायरीवर आपटून फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, एक तोंडात टाकला. हरेश्वर नारळ घेऊन खाली उतरायला लागला तसा तो म्हणाला, "खंय चललंस? हयसरच फोड मरे."

"आमी फोडत नाय. दर्याला देतात तो आख्खा देतात."

"मगे खातास काय?"

"दिलेला खायाचा नसतो."

सकाळची सातची गाडी जायच्या आधी हरेश्वर दीडशे पावलं चालत मालधक्क्याच्या सांध्यापाशी गेला. याच जागी व्हायला हवं होतं, दुसरीकडे देऊन उपयोग नव्हता. त्याने जिभेला कुंकू लावलं, दोन रुळांच्या मध्ये खडीवर नारळ ठेवला आणि हात जोडले. सात वर्षं जे बोलला नाही ते लोखंडासमोर बोलायला त्याला अजून जड जात होतं. किनाऱ्यावर लाट येऊन नारळ घेऊन जाते. रुळांत लाट येत नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. आम्हां मुंबईकरांची भक्ती अशीच, पुढचं देव बघून घेईल म्हणणारी.

साहेबाची खास गाडी अकराला बोरीबंदरहून येणार होती. साडेदहालाच रमाकांत मास्तर केबिनमध्ये येऊन उभा. कोट बंद गळ्याचा, पगडी ठाकठीक, आणि हातातलं घड्याळ दर मिनिटाला उघडझाप. त्या आधी मालधक्क्याकडे दोन डबे घातले होते, ते विनातक्रार गेले. आता सांधा सरळ करायचा, कुलूप घालायचं, सिग्नल द्यायचा. तीन दांडे. तीन महिन्यांत हरेश्वराने हे शेकडो वेळा केलं होतं.

त्याने आपला कोळी रुमाल दांड्याभोवती गुंडाळला, कारण उघड्या हाताचा घाम लागून पोलाद गंजतं अशी साहेबाची ताकीद होती. काळा दांडा ओढला. आला, जरा जड आला. निळा ओढला. निळा अर्ध्यावर येऊन थांबला.

पुन्हा मागे नेला, पुन्हा ओढला. थांबला.

"माका दी," दगडू म्हणाला. त्याने दोन्ही पाय रोवून ओढला तेव्हा झेंडूची माळ तुटून खाली पडली, पण दांडा बोटभरही पुढे आला नाही.

दक्षिणेकडे धूर दिसला. साहेबाची गाडी सिग्नलपाशी येऊन उभी राहिली. सिग्नल लाल तो लालच. ड्रायव्हरने एक लांब शिटी दिली.

रमाकांतने काचेतून वाकून पाहिलं. "सांधा लागलाय, हरेश्वर. इथून दिसतोय मला. कुलूप बिघडलं असेल, नवीन यंत्र आहे, व्हायचंच. तू निशाण दाखव आणि गाडी घे. मागाहून फिटरला बोलावू."

हरेश्वरानेही पाहिलं. जीभ रुळाला चिकटलेली दिसत होती. खरंच दिसत होती.

"मास्तर, तो नाय म्हणतो."

"कोण?"

"दांडा."

"अरे, आत साहेब बसलाय. आपलं यंत्र बंद पडलं म्हणून त्याची गाडी भर उन्हात रुळावर उभी राहिली, असं तो लिहिणार. मग तुम्ही सहाजण आणि तुमच्याबरोबर मी. निशाणावर गाडी गेली तर त्याला कळणारही नाही." रमाकांत वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या शिकलेल्या माणसाला युक्त्या फार सुचतात.

दुसरी शिटी झाली. दगडू निशाण पुढे करून उभा होता. हरेश्वराने ते घेतलं. निशाण हातात आल्यावर त्याला जुना दिवस आठवला: हेच ऊन, हाच सांधा, आणि लांबून चिकटलेली दिसलेली जीभ.

"मी जाऊन बघून येतंव," तो म्हणाला. "नेमांच्या पुस्तकात तसंच हाय. दांडा नाय म्हनला तर मानसानं जाऊन डोळ्यांनी बघायचं."

"पाच मिनिटं जातील!"

"जाऊ दे, मास्तर. पाय जान्यापरीस बरं."

हे त्याच्या तोंडून का गेलं ते रमाकांतला समजलं नाही. हरेश्वर खाली उतरला. दीडशे पावलं एरवी तो विडी पेटवेपर्यंत चालून जाई, पण आज समोर साहेबाचं इंजिन सुस्कारत उभं, मागे केबिनच्या काचेत दोन चेहरे, आणि बाजूला फाटकावर लाकडी पायाचा विठोबा हात डोळ्यांवर धरून बघत असलेला. धावावंसं वाटत होतं. तो धावला नाही.

सांध्यापाशी गुडघ्यांवर बसला. जीभ आणि रूळ यांच्यामध्ये बोटभर फट होती. फटीत करवंटीचा तुकडा आडवा रुतलेला. करवंटीवर शेंडी होती, आणि शेंडीजवळ हळदकुंकू.

त्याचा स्वतःचा नारळ. सकाळच्या गाडीच्या धडधडीने गडगडला असणार, पुढच्या एखाद्या चाकाखाली फुटला असणार, आणि फुटका तुकडा जिभेच्या तोंडात जाऊन बसला. निशाण दाखवलं असतं तर इंजिन आता खडीत आडवं असतं. हरेश्वराने तुकडा हलवून हलवून बाहेर काढला आणि तळहातावर धरून तसाच बसून राहिला.

गाडीतून साहेब उतरला होता. लांब लांब टांगा टाकत खडीतून येत होता, चेहरा उन्हाने आणि रागाने लाल. अजून पन्नासएक पावलं लांब. गटार हाताशी होतं, तेच गटार. करवंटी फेकली तर कुणालाही कळणार नव्हतं. यंत्र बिघडलं होतं, आपोआप सुटलं, एवढं म्हटलं की झालं. यंत्राच्या नशिबी साक्ष देणं नाही.

हरेश्वराचा हात उचलला गेला, हे खोटं का सांगावं. उचलला गेला आणि परत खाली आला. एक दगड सात वर्षं पोटात वागवला होता. वर आणखी नारळ मावणार नव्हता.

रमाकांत मास्तर पगडी सावरत धापा टाकत येऊन पोचला तोवर साहेब समोर उभा होता.

"गाडी किसने रोका?" साहेबाने विचारलं.

"यंत्राने, साहेब," हरेश्वर म्हणाला.

"और यंत्र को किसने रोका?"

हरेश्वराने तळहात पुढे केला. "मी. आज आमची पूजा. हा नारळ मीच इथं ठेवला. कुनाचा काय दोष नाय, मास्तराचा नाय, दगडूचा नाय." मग रमाकांतकडे वळून म्हणाला, "सगळं सांगा त्याला, मास्तर. गाळू नका."

रमाकांतने इंग्रजीत सांगितलं. बरंच सांगितलं. साहेबाने निशाणाबद्दल काहीतरी विचारलं, तेव्हा रमाकांतची मान खाली गेली, पण त्याने तेही सांगितलं असावं. कारण साहेबाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा हरेश्वराकडे बराच वेळ पाहिलं.

मग साहेबाने करवंटी उचलली. उलटसुलट केली. आणि अंगावरचा कोट खडीला लागतोय याची पर्वा न करता खाली बसून स्वतःच्या हाताने ती परत सांध्यात ठेवली. केबिनकडे बघून ओरडला, दांडे ओढा. वर दगडू होता, त्याने ओढले. काळा आला, निळा आला नाही. साहेबाने करवंटी काढली, पुन्हा ओढायला सांगितले. सगळे आले, सिग्नल खटकन पडला. पुन्हा ठेवली, पुन्हा अडला. तीनदा केलं त्याने हे, आणि तिसऱ्यांदा तर मिशीत हसत होता. नारळ साहेबाने ठेवला तरी यंत्राने ऐकलं नाही, ही गोष्ट पुढे दगडूने परळपासून लालबागपर्यंत सांगितली.

गाडीत चढण्याआधी साहेब रमाकांतशी चार वाक्यं बोलला. रमाकांतने ती हरेश्वराला सांगितली. "म्हणतात, दुसऱ्या एका स्टेशनात अडलेला दांडा माणसांनी पहारीने वाकवला, तेव्हापासून मला इथल्या माणसांचा भरवसा नव्हता. म्हणतात, तुझ्या नावावर ठपका चढणार, रुळांत नारळ ठेवल्याबद्दल. आणि सहाहीजण केबिनमध्ये राहणार."

"दोनी?"

"दोन्ही."

"बरं हाय," हरेश्वर म्हणाला. ठपका योग्यच होता, उलट सात वर्षं उशिरा आलेला होता.

गाडी गेली. दुपारी पाळी संपल्यावर त्याने दगडूच्या नारळाचे उरलेले तुकडे रुमालात बांधले आणि वळसा न घेता सरळ फाटकाकडे चालू लागला. विठोबा बाकावर बसला होता, लाकडी पाय पुढे पसरून. त्याने हरेश्वराला येताना पाहिलं.

"परसाद," हरेश्वर म्हणाला.

विठोबाने एक तुकडा घेतला. हरेश्वर उभाच राहिला. आणि मग उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं: निशाण, वीस पावलं, दगड, गटार. सांगताना विठोबाच्या पायाकडे बघितलं, चुकवलं नाही. सांगून झालं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

विठोबाने तोंडातलं खोबरं चावून संपवलं. मग विचारलं, "केवढा होता?"

"काय?"

"दगड."

हरेश्वराने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं.

"सुपारीयेवढा," विठोबा म्हणाला. त्याचा चेहरा कठीण झाला, इतका की हरेश्वराला वाटलं आता हा काठी उचलणार, आणि उचलली असती तरी तो हलला नसता. "पायाचा राग मी कवाच गिळला. झिजलेल्या लोखंडावर किती दिस रागावनार? पन तू सात वर्सं माज्या फाटकावरून गेला नायस. मना वाटायचं, हरेश्वराला माजा लाकडाचा पाय बघवत नाय. त्याचा राग हाय मना. अजून हाय."

तेवढ्यात केबिनकडची घंटा वाजली. गाडी येत होती. विठोबा काठी टेकत उठला आणि फाटकाचं एक दार ओढू लागला. हरेश्वराने न विचारता दुसरं ओढलं. दोघांनी मिळून कडी घातली.

पलीकडे सिग्नल पडला. कल्याणकडची गाडी धडधडत आली आणि मालधक्क्याच्या सांध्यावरून डब्यामागून डबा जाऊ लागली. हरेश्वर खाली बसून रुमालातला शेवटचा तुकडा सोडवत होता, खोबऱ्याला चिकटलेली झेंडूची पाकळी काढत होता. शेवटचा डबाही निघून गेला.

"बघितली नायस तू आज," विठोबा म्हणाला.

"काय?"

"गाडी. रोज मानूस मरायला टेकल्यागत बघतोस केबिनमधून. मना हितून दिसतं." विठोबाने फाटकाची कडी काढली. पलीकडे बैलगाडी खोळंबली होती, तिला हाताने खूण केली. मग हरेश्वराकडे न बघताच म्हणाला, "उद्या दसरा. सोनं द्यायला घरी ये. सात वर्सांचं देनं हाय, पानं जरा जास्त आन."